झोपेचे बूट

पहिल्यांदा आणले तेव्हा मी ते बिघडवले.
सत्त्याण्णवचा मे. भुसावळ सेहेचाळीसवर.
यावल रोडला माझं चाक, पाण्याचा डबा,
आणि रांगेत केळीचे घड कापायचे कोयते.
फौजेतून सुट्टीवर आलेला झोपेंचा लीलाधर
पिशवीतून बूट काढतो. बुटाखाली पातं.
मी लावली धार, कोयत्याला लावतो तशी,
एका अंगाने, नख उतरेल अशी.
तो बघतच राहिला. मग हसला.
"ह्याले एक धार नस्ते रे, सुकलालभो.
दोन अस्त्या. मधे नाली."
आणि काडीने मातीत काढून दाखवलं.

पुढच्या मेपर्यंत मी गोल कडेचा दगड घडवून घेतला.
पात्याच्या लांबीने, श्वास धरून, एकाच ओढीत.
असे अठरा उन्हाळे.

लेहमधलं तळं मी पाहिलं नाही,
ना त्यावरचा हॉकी. फॉरवर्ड म्हणजे काय
तेही त्यानेच सांगितलं: "सगळ्यात आधी मार खातो तो."
बाकी मला कळलं ते लोखंडावरून.
डाव्या पायाची आतली धार आधी बसायची,
म्हणजे गडी डावीकडून वळतो, गोलच्या मागून.
टाचेकडचं पोलाद कोरं,
म्हणजे थांबत नाही.
एका वर्षी दोन्ही टोकांना खाचा.
"पडलास?"
"पाडला."
वरचे दोन दात नव्हते.

मग फौज सुटली, अल्माटीच्या क्लबात पगार सुरू झाला.
नवे बूट आले. त्यांची ठिणगी निराळी,
आखूड, केशरी, न फुटणारी.
महाग पोलाद कमी बोलतं.
त्याच्या आईने तिथल्या पेपरातला फोटो
पिठाच्या डब्यावर चिकटवला,
अक्षरं कुणालाच वाचता येत नव्हती.
नगरपालिकेने सत्कार केला. भर उन्हात शाल.
फलकावर छापलेला खेळाडू
गवतावर उभा होता, हाफ चड्डीत.
लीलाधर त्याच्याकडे बघून म्हणाला,
"हा बरा दिसतो माझ्यापेक्षा."

एकदा मोबाइलवर सामना दाखवला त्याने.
सगळं पांढरं, आणि पांढऱ्यावर पळणारे ठिपके.
"यातला तू कोणता?"
"आत्ता होतो," तो म्हणाला, "गेलो."
नंतर मी तेच पुन्हा लावायला सांगितलं, चार वेळा.
चारही वेळा तो गेलेलाच.

एक गोष्ट मी त्याला कधी बोललो नाही.
धार लावणं म्हणजे पातं खाणं.
दर उन्हाळ्याला केसभर.
समोरचे बचावपटू, तुटलेला गुडघा, वय,
या सगळ्यांनी खाल्लं असेल तेवढं,
पण माझ्या चाकाखालच्या त्या काळ्या भुकटीतही
त्याची बरीच वर्षं होती.
मी ती रोज संध्याकाळी झाडून गटारात टाकली.

शेवटच्या मेमध्ये त्याने बूट ठेवले
आणि मी ते हातात घेऊन परत ठेवले.
"काहून?"
"घासायले लोखंडच नाही राह्यलं, लीलाधर."
तो बाकावर बसला. चहा आला, निवला.
कोयतेवाले खोळंबले, कुणी काही बोललं नाही.
जाताना बूट नेले नाहीत.

आता ते खिळ्याला टांगलेत.
गिऱ्हाईक विचारतं, मी सांगतो: झोपेचे.
लोक हसतात, मला त्याचं काही नाही.

काल बर्फाच्या कारखान्याची हातगाडी समोर थांबली.
भुसा झटकून अर्धी लादी उतरवून घेतली,
रसवाल्याचा पोरगा वेडा म्हणाला.
उजवा बूट काढला, तळव्यात धरला,
दाबला, ढकलला.
इतका आवाज असतो त्याला, हे कुणी सांगितलं नव्हतं.
दोन रेघा उमटल्या, शेजारीशेजारी,
मधे जागा कोरडी.
डोकं वर करून गिऱ्हाइकाला "थांब" म्हटलं,
पुन्हा पाहिलं तर रेघा पाण्यात.

लादीचे तीस रुपये झाले.
उरलेली रसवाल्याने नेली.